स्मृतिभ्रंशग्रस्त शुश्रूषागृहवासींमधील वेदना

स्मृतिभ्रंशग्रस्त शुश्रूषागृहवासींमधील वेदना हा वृद्धवैद्यक, परिचर्याशास्त्र आणि उपशामक शुश्रूषा या तीन शाखांचा समाईक अभ्यासविषय आहे. दीर्घकाळ निवासी शुश्रूषेत राहणाऱ्या स्मृतिभ्रंशग्रस्त व्यक्तींना होणारी शारीरिक वेदना, ती ओळखण्याच्या पद्धती आणि तिच्यावरील उपचार यांचा त्यात विचार केला जातो. स्मृतिभ्रंश वाढत जातो तशी आपले दुखणे शब्दांत सांगण्याची क्षमता क्षीण होते. दुखणे मात्र नाहीसे होत नाही. त्यामुळे ही वेदना पुष्कळदा नोंदलीच जात नाही, किंवा चिडचिड, आरडाओरडा, अंगावर धावून जाणे, जेवण नाकारणे अशा वर्तनातून ती प्रकट होते आणि त्या वर्तनाला आजाराचाच भाग मानून गुंगी आणणारी औषधे दिली जातात. अशा वर्तनामागे अनेकदा उपचार न झालेली वेदना असते, हे गेल्या काही दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे.

## संज्ञा

स्मृतिभ्रंश, अर्थात डिमेन्शिया, हा एकच रोग नव्हे. स्मरण, भाषा, विचार आणि दैनंदिन व्यवहार यांची क्षमता क्रमाक्रमाने घटवणाऱ्या अनेक विकारांचे ते सामूहिक नाव आहे. अल्झायमरचा आजार हा त्यांतील सर्वाधिक आढळणारा प्रकार होय. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील दोषांमुळे होणारा स्मृतिभ्रंश, लेवी पिंडांचा स्मृतिभ्रंश आणि मेंदूच्या पुढील व बाजूच्या भागांचा ऱ्हास होऊन येणारा स्मृतिभ्रंश हे अन्य प्रमुख प्रकार आहेत. मराठी बोलीत या अवस्थेला ‘म्हातारचळ’ म्हटले जाते, आणि ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीमुळे ती वार्धक्याची स्वाभाविक परिणती असल्याचा समज दृढ झाला आहे. वैद्यकदृष्ट्या तो आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ५ कोटी ७० लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशासह जगत होत्या.

महाराष्ट्रात ‘नर्सिंग होम’ या शब्दाने सामान्यतः लहान खाजगी रुग्णालयाचा बोध होतो. प्रस्तुत लेखातील ‘शुश्रूषागृह’ ही संज्ञा मात्र वेगळ्या अर्थाने वापरली आहे. ज्या संस्थेत वृद्ध व्यक्ती महिनोन्‌महिने वा वर्षानुवर्षे राहते आणि जेथे तिला आंघोळ, कपडे, भोजन, औषधे व परिचर्या या बाबतींत चोवीस तास साहाय्य मिळते, ती संस्था येथे अभिप्रेत आहे. नॉर्वे, नेदरलँड्स, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका आदी देशांत अशा संस्थांची जुनी व्यवस्था असल्याने या विषयावरील बहुतेक संशोधन तेथेच झाले आहे.

वेदनेची सर्वमान्य व्याख्या आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने १९७९ साली केली आणि २०२० साली ती सुधारली. या व्याख्येनुसार वेदना ही केवळ संवेदना नाही. तो एक अप्रिय भावनिक अनुभवही आहे. सुधारित व्याख्येसोबतच्या टिपणांत असे स्पष्ट केले आहे की, शब्दांत वर्णन करणे हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक मार्गांपैकी केवळ एक मार्ग आहे आणि ज्याला बोलता येत नाही त्याला वेदना होत नाही असे मानता येत नाही. स्मृतिभ्रंशाच्या संदर्भात हे स्पष्टीकरण विशेष महत्त्वाचे ठरते.

## व्याप्ती

शुश्रूषागृहांतील स्मृतिभ्रंशग्रस्तांपैकी किती जणांना वेदना होतात, याचे आकडे मापनपद्धतीनुसार बदलतात. सर्वसाधारणपणे सुमारे निम्म्या व्यक्तींना नियमितपणे वेदना होत असावी, असा अंदाज या क्षेत्रात मांडला जातो. केवळ संस्थेच्या दप्तरातील नोंदी पाहिल्या तर आकडा कमी दिसतो आणि हालचाल करवून निरीक्षण केले तर तो वाढतो. हा फरक, वेदना असूनही ती कागदावर येत नाही, याचेच द्योतक आहे.

अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पाच राज्यांतील शुश्रूषागृहांतल्या कर्करोग झालेल्या १३,६२५ वृद्धांच्या नोंदी तपासण्यात आल्या. रोज वेदना होत असल्याची नोंद असलेल्यांपैकी सुमारे २६ टक्के व्यक्तींना कोणतेही वेदनाशामक मिळालेले नव्हते. ज्यांची आकलनक्षमता खालावलेली होती, त्यांना औषध न मिळण्याची शक्यता अधिक असल्याचे या अभ्यासात आढळले.

खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांवरील एक अभ्यास २००० साली अमेरिकेतच प्रसिद्ध झाला. दुखापत एकच आणि तिची वेदना तीव्र, हे सर्वज्ञात असूनही, प्रगत स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णांना मिळालेली मॉर्फिनसदृश औषधांची मात्रा इतर वृद्ध रुग्णांच्या मात्रेच्या सुमारे एक तृतीयांश होती. मोडलेल्या हाडाची वेदना स्मृतिभ्रंशामुळे कमी होते असे मानण्यास आधार नसल्याने, या तफावतीचे मूळ शरीरात नसून उपचारपद्धतीत आहे, असा निष्कर्ष त्यातून निघतो.

## वेदनेची कारणे

शुश्रूषागृहवासी व्यक्ती बहुधा अतिवृद्ध असतात आणि त्यांना एकाच वेळी अनेक व्याधी जडलेल्या असतात. वेदनेची नेहमी आढळणारी कारणे पुढीलप्रमाणे आहेत:

* गुडघे, खुबे व मणक्यांच्या सांध्यांची झीज; जुने अस्थिभंग; हाडे ठिसूळ झाल्याने मणके दबणे.
* दीर्घकाळ एकाच स्थितीत बसून वा पडून राहिल्याने सांधे आखडणे आणि शय्याव्रण होणे.
* किडलेले दात, हिरड्यांची सूज, न बसणारी कवळी.
* बद्धकोष्ठता, लघवी तुंबणे, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग.
* मधुमेहामुळे मज्जातंतूंना झालेली इजा, नागीण बरी झाल्यानंतर मागे राहणारी आग, पक्षाघातानंतरची वेदना.
* कर्करोग आणि आयुष्याच्या अंतिम टप्प्यातील अन्य व्याधी.
* पायाची कुरुपे, वाढलेली नखे, घट्ट पादत्राणे यांसारखी किरकोळ वाटणारी कारणे.

यांतील अनेक कारणे साध्या तपासणीने लक्षात येण्याजोगी आणि दूर करण्याजोगी आहेत. मात्र ‘दात दुखतो’ किंवा ‘बूट चावतो’ एवढे वाक्य ज्याला जुळवता येत नाही, त्याच्या बाबतीत ही तपासणी इतरांनी आपणहून करावी लागते.

## मेंदूतील बदल आणि वेदनेची जाणीव

स्मृतिभ्रंश झालेल्यांना वेदना कमी जाणवते, असा समज वैद्यकीय व्यवसायातही दीर्घकाळ प्रचलित होता. त्याची शास्त्रीय पडताळणी १९९० नंतर सुरू झाली.

वेदनेचा संदेश मेंदूत स्थूलमानाने दोन मार्गांनी पोहोचतो. एका मार्गाने वेदना कोठे आहे आणि किती तीव्र आहे हे कळते. दुसऱ्या मार्गाने तिचा नकोसेपणा, भीती आणि तिच्याशी निगडित आठवण निर्माण होते. अल्झायमरच्या आजारात दुसऱ्या मार्गाशी संबंधित भागांची हानी लवकर होते, तर पहिल्या मार्गाशी संबंधित संवेदनक्षेत्र बराच काळ तुलनेने शाबूत राहते. इटलीतील फाब्रिझिओ बेनेडेट्टी आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली केलेल्या प्रयोगांत, वेदना प्रथम जाणवण्याची पातळी अल्झायमरच्या रुग्णांत बदललेली नसल्याचे, परंतु ती सहन करण्याची मर्यादा वाढलेली असल्याचे दिसले. ऑस्ट्रेलियात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अंगठ्याच्या नखावर दाब देऊन मेंदूची चुंबकीय प्रतिमा घेण्यात आली. अल्झायमरच्या रुग्णांतील वेदनासंबंधित मेंदूक्रिया निरोगी वृद्धांपेक्षा कमी नव्हती. उलट ती अधिक प्रबळ आणि अधिक काळ टिकणारी होती. वेदनेचा अर्थ न लागल्यामुळे तिच्यावरून लक्ष काढून घेणे या रुग्णांना अवघड जात असावे, असे स्पष्टीकरण यावर सुचवले जाते.

जर्मनीत मिरियम कुन्झ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली चेहऱ्यावरील प्रतिक्रियांचा अभ्यास केला. दाबामुळे होणाऱ्या वेदनेला स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींचा चेहरा इतरांपेक्षा अधिक प्रतिसाद देतो, असे त्यांना आढळले. याउलट नाडी व रक्तदाब यांतील अपेक्षित वाढ अल्झायमरच्या रुग्णांत मंद असू शकते. म्हणून नाडी शांत आहे, एवढ्यावरून वेदना नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

आजाराच्या प्रकारानुसारही फरक संभवतो. रक्तवाहिन्यांशी निगडित स्मृतिभ्रंशात मेंदूच्या अंतर्गत जोडण्या तुटल्यामुळे वेदना वाढू शकते, असे मानले जाते. मेंदूच्या पुढील भागाचा ऱ्हास होणाऱ्या प्रकारात प्रतिसाद बोथट होऊ शकतो. मात्र कोणत्याही प्रकारात वेदनेची जाणीव पूर्णपणे नाहीशी होते, असे सिद्ध झालेले नाही.

## वेदना दुर्लक्षित राहण्याची कारणे

रुग्णाने सांगायचे आणि वैद्याने ऐकायचे, या गृहीतावर वेदनेवरील नेहमीचे उपचार उभे असतात. स्मृतिभ्रंशात हे गृहीतच कोसळते. व्यक्तीला प्रश्न समजत नाही, शब्द सापडत नाही, किंवा क्षणापूर्वीची कळ उत्तर देईपर्यंत विस्मरणात जाते. शांत बसलेली असताना ती ‘काही नाही’ म्हणते आणि तिला खाटेवरून उठवताना किंचाळते.

औषधे लिहिण्याची पद्धतही या दुर्लक्षाला हातभार लावते. वेदनाशामके पुष्कळदा ‘गरज पडल्यास’ घेण्यासाठी लिहिली जातात. भारतातील औषधचिठ्ठीवर त्यासाठी ‘एसओएस’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. अशा औषधासाठी कोणीतरी मागणी करावी लागते. स्मृतिभ्रंशग्रस्त व्यक्ती मागणी करू शकत नाही, त्यामुळे गोळी चिठ्ठीवर असते पण पोटात जात नाही.

कर्मचाऱ्यांची अपुरी संख्या, त्यांच्या वारंवार होणाऱ्या बदल्या आणि प्रशिक्षणाचा अभाव ही संस्थात्मक कारणे होत. वेदना हा म्हातारपणाचा भोगच आहे, ही कुटुंबीयांची व कर्मचाऱ्यांची धारणा तसेच अफूवर्गीय औषधांविषयीची भीती हीदेखील त्यात भर घालतात.

## वेदनेची चिन्हे

अमेरिकन वृद्धवैद्यक संस्थेने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात, बोलू न शकणाऱ्या वृद्धांमधील वेदनेची चिन्हे सहा गटांत मांडली आहेत:

* चेहरा: कपाळावर आठ्या, घट्ट मिटलेले डोळे, भेदरलेली मुद्रा.
* उद्गार: कण्हणे, हाका मारणे, एकच शब्द पुनःपुन्हा उच्चारणे, शिवीगाळ.
* शरीराची हालचाल: अंग ताठ धरणे, एखादा अवयव जपणे, येरझारा, लंगडणे.
* इतरांशी वागणूक: स्पर्शाला विरोध, आक्रमकता, माणसे टाळणे.
* दिनक्रम: भूक मंदावणे, झोप उडणे, नेहमीचे फिरणे एकाएकी बंद करणे.
* मानसिक स्थिती: रडणे, वाढलेला गोंधळ, चिडचिड.

यांपैकी पहिल्या तीन गटांतील चिन्हे अनोळखी व्यक्तीलाही दिसू शकतात. उरलेल्या तीन गटांतील चिन्हे ओळखण्यासाठी ती व्यक्ती एरवी कशी वागते, हे ठाऊक असावे लागते. रोज सकाळी अंगणात फेरी मारणारी व्यक्ती खोलीबाहेर पडेनाशी झाली, तर तो बदल नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्याला दिसत नाही. म्हणून नातेवाइकांची माहिती आणि कायमस्वरूपी कर्मचारी हे वेदना ओळखण्याचे महत्त्वाचे साधन मानले जातात. दीर्घकालीन वेदनेत काही जण आरडाओरडा न करता अगदी गप्प होतात. ही शांतता समाधानाची समजली जाण्याचा धोका असतो.

## वेदनेचे मापन

### स्वतःचे कथन

स्मृतिभ्रंशाचे निदान झाले म्हणजे व्यक्तीला विचारणे व्यर्थ आहे, असे नाही. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शुश्रूषागृहांतील २१७ व्यक्तींची तपासणी करण्यात आली. त्यांची आकलनक्षमता सरासरीने बरीच खालावलेली असूनही ८३ टक्के व्यक्तींना किमान एका मापपट्टीचा उपयोग करून आपली वेदना सांगता आली. म्हणून प्रथम व्यक्तीलाच विचारावे, हा सर्व मार्गदर्शक तत्त्वांचा पहिला नियम आहे. प्रश्न लहान व वर्तमानकाळातील असावा, दुखऱ्या भागावर हात ठेवून विचारावा आणि उत्तरासाठी पुरेसा वेळ द्यावा. शून्य ते दहा या आकड्यांपेक्षा ‘थोडे’, ‘बरेच’, ‘फार’ असे शब्द सहसा अधिक उपयोगी ठरतात.

### निरीक्षणावर आधारित मापके

कथन शक्य नसते तेव्हा निरीक्षण-मापके वापरली जातात. त्यांपैकी काही प्रमुख मापके अशी:

* पेनॅड: अमेरिकेत व्हिक्टोरिया वॉर्डन, ॲन हर्ली आणि लॅडिस्लाव्ह व्होलिसर यांनी २००३ साली प्रसिद्ध केले. श्वसन, वेदनादर्शक उद्गार, चेहरा, शरीराची ठेवण आणि सांत्वनाला मिळणारा प्रतिसाद या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण दिले जातात. एकूण गुण ० ते १०.
* ॲबी वेदनामापक: ऑस्ट्रेलियातील जेनी ॲबी आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केले. उद्गार, चेहरा, शरीराची ठेवण, वर्तन, शरीरक्रिया आणि शारीरिक बदल या सहा बाबींना प्रत्येकी ० ते ३ गुण असतात.
* पॅक्सलॅक: कॅनडात २००४ साली तयार झालेली ६० चिन्हांची यादी. पुढे तिची संक्षिप्त आवृत्ती निघाली.
* डोलोप्लस-२: फ्रान्समध्ये विकसित झालेले, दहा बाबींचे मापक. व्यक्तीच्या पूर्वीच्या वागण्याशी तुलना हे त्याचे वैशिष्ट्य आहे.
* मोबिड आणि मोबिड-२: नॉर्वेतील बेटिना हुसेबो आणि सहकाऱ्यांनी विकसित केले. सकाळच्या नित्य परिचर्येच्या वेळी हात उघडणे, दोन्ही बाहू उचलणे, पाय वाकवणे, कुशीवर वळवणे आणि खाटेच्या कडेला बसवणे अशा हालचाली हळुवारपणे करवून त्या वेळच्या प्रतिक्रिया नोंदल्या जातात.

मोबिडमागील तत्त्व सर्वच निरीक्षणांना लागू आहे. सांध्यांची आणि हाडांची वेदना विश्रांतीत लपते व हालचालीत प्रकट होते. खुर्चीत बसलेल्या व्यक्तीकडे दुरून पाहून केलेली नोंद त्यामुळे अपुरी ठरते.

अलीकडच्या काळात भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने चेहऱ्यावरील सूक्ष्म हालचाली टिपून वेदनेचे गुणांकन करणाऱ्या प्रणाली तयार झाल्या आहेत. ऑस्ट्रेलियात विकसित झालेली पेनचेक ही त्यांपैकी एक होय.

### मापकांच्या मर्यादा

ही मापके वेदनेचे चिन्ह टिपतात, तिचे कारण सांगत नाहीत. भीती, भूक, एकटेपणा किंवा थंडी यांमुळेही व्यक्ती कण्हते वा अंग आखडते. त्यामुळे वेदना नसताना गुण वाढू शकतात. पार्किन्सनच्या आजारात चेहरा भावहीन होतो, त्यामुळे वेदना असूनही गुण कमी येऊ शकतात. निरीक्षकाने दिलेले गुण आणि व्यक्तीला जाणवणारी तीव्रता यांचा मेळ नेहमीच बसत नाही. म्हणून एकाच व्यक्तीचे गुण वेळोवेळी नोंदवून त्यांतील चढउतार पाहणे, कारणाचा शोध घेणे आणि उपचारानंतर पुन्हा मापन करणे, हा क्रम शिफारस केला जातो.

## वर्तन आणि वेदना: नॉर्वेतील चाचणी

स्मृतिभ्रंशग्रस्तांच्या क्षोभावर मनोविकारविरोधी औषधे देण्याची पद्धत जगभर रूढ होती. या औषधांमुळे स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमधील मृत्यूचे प्रमाण वाढते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ साली नव्या पिढीच्या औषधांबाबत आणि २००८ साली जुन्या औषधांबाबतही दिला. त्यामुळे क्षोभाचे मूळ कारण शोधण्याची निकड वाढली.

या पार्श्वभूमीवर बेटिना हुसेबो आणि सहकाऱ्यांनी पश्चिम नॉर्वेतील १८ शुश्रूषागृहांत केलेली चाचणी २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. मध्यम ते तीव्र स्मृतिभ्रंश आणि लक्षणीय क्षोभ असलेल्या ३५२ व्यक्ती तिच्यात सहभागी होत्या. यदृच्छेने निवडलेल्या विभागांतील व्यक्तींना आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामक उपचार देण्यात आले; उरलेल्या विभागांत नेहमीचीच शुश्रूषा चालू राहिली. पहिली पायरी पॅरासिटामॉलची होती. त्यापुढे गरजेनुसार अल्प मात्रेतील मॉर्फिन, ब्यूप्रेनॉर्फिनची त्वचेवर लावायची पट्टी आणि मज्जातंतूंच्या वेदनेवरील प्रिगॅबलिन अशी योजना होती. बहुतेक व्यक्तींच्या बाबतीत पॅरासिटामॉलवरच भागले.

आठ आठवड्यांनंतर उपचार मिळालेल्या गटातील क्षोभ सरासरी १७ टक्क्यांनी कमी झाला होता. नंतर ठरल्याप्रमाणे औषधे थांबवण्यात आली, तेव्हा चार आठवड्यांत क्षोभ पुन्हा वाढला. क्षोभ आणि वेदना यांचा संबंध या उलट पडताळणीने अधिक स्पष्ट झाला. चाचणीतील निवड ‘वेदना असलेल्या’ व्यक्तींची नव्हती, ‘क्षोभ असलेल्या’ व्यक्तींची होती, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. ‘त्रासदायक’ ठरलेल्या अनेक व्यक्ती प्रत्यक्षात त्रास सोसत होत्या, असा या निष्कर्षाचा अर्थ लावला जातो.

नेदरलँड्समध्ये १२ शुश्रूषागृहांतील २८८ व्यक्तींवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कर्मचाऱ्यांना पद्धतशीर शोधाचे प्रशिक्षण देण्यात आले. वर्तनात बदल दिसताच आधी शारीरिक कारण, मग मूलभूत गरजा, मग वेदनाशामकाचा प्रयोग आणि त्यानंतरच मानसोपचार औषधे, असा तो क्रम होता. तेथेही क्षोभ आणि नैराश्याची लक्षणे घटल्याचे आढळले.

या निष्कर्षांचा अर्थ प्रत्येक क्षोभ वेदनेमुळेच होतो असा नाही. त्याचप्रमाणे औषधांचे दुष्परिणामही दुर्लक्षिता येत नाहीत. नॉर्वेतील शुश्रूषागृहांतच स्मृतिभ्रंश व नैराश्य असलेल्या व्यक्तींवर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ब्यूप्रेनॉर्फिनची पट्टी मिळालेल्यांपैकी मोठ्या प्रमाणावर व्यक्तींना गुंगी, मळमळ यांसारख्या कारणांमुळे ती सोडावी लागली.

## उपचार

### औषधविरहित उपाय

प्रथम कारण दूर करणे अपेक्षित असते: कवळी दुरुस्त करणे, बद्धकोष्ठतेवर उपाय, शय्याव्रणाची मलमपट्टी, ठरावीक वेळाने कूस बदलणे, योग्य उंचीची खुर्ची. शेक, हलका मर्दाव, व्यायामोपचार, ओळखीचे संगीत आणि परिचित व्यक्तीचा सहवास यांचा उपयोग पूरक म्हणून केला जातो. परिचर्येची पद्धतही महत्त्वाची असते. आंघोळ घालताना वा कपडे बदलताना घाई केल्यास आखडलेल्या सांध्यांत कळ येते आणि त्यातून होणारा प्रतिकार ‘हट्ट’ म्हणून नोंदला जातो.

### औषधे

वृद्धांमध्ये पॅरासिटामॉल हे सहसा पहिले औषध असते आणि ते ‘गरज पडल्यास’ न देता ठरलेल्या वेळी देण्याची शिफारस केली जाते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या दाहशामकांमुळे जठरातून रक्तस्राव, मूत्रपिंडांना इजा आणि हृदयविकाराचा धोका संभवत असल्याने ती शक्य तितकी टाळली जातात. अफूवर्गीय औषधे अल्प मात्रेपासून सुरू करून सावकाश वाढवली जातात. बद्धकोष्ठता, गुंगी, पडणे आणि संभ्रमावस्था यांवर लक्ष ठेवावे लागते. उपचाराची मुदत ठरवून तिच्या अखेरीस मापन पुन्हा केले जाते. उपयोग न झाल्यास औषध थांबवणे हाही उपचाराचाच भाग होय.

बेनेडेट्टी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली आणखी एक बाब निदर्शनास आणली. कोणत्याही वेदनाशामकाच्या परिणामात ‘आता बरे वाटेल’ या अपेक्षेचा काही वाटा असतो. अल्झायमरमध्ये ही अपेक्षाच निर्माण होत नाही, तेव्हा तेच औषध कमी परिणामकारक ठरू शकते.

## भाषेचा प्रश्न

स्मृतिभ्रंशात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी ओसरते आणि मातृभाषा अधिक काळ टिकते. परदेशी शुश्रूषागृहात राहणारी मराठीभाषक व्यक्ती आयुष्यभर वापरलेली इंग्रजी विसरून मराठीत बोलू लागली, तर तिचे शब्द कर्मचाऱ्यांना केवळ आवाज वाटू शकतात. महाराष्ट्रातील संस्थांतही मदतनीस अन्य भाषक असल्यास हाच प्रश्न उद्भवतो.

मराठीत वेदनेच्या प्रकारांसाठी वेगवेगळे शब्द आहेत. ठणका, कळ, चमक, सल, उसण, आग, मुरडा, ठसठस यांतील प्रत्येक शब्दातून वेदनेचे स्वरूप आणि कधीकधी तिचे स्थानही सूचित होते. ‘दुखते का?’ या प्रश्नाला नकार देणारी व्यक्ती ‘ठणकते का?’ या प्रश्नाला होकार देऊ शकते. म्हणून व्यक्तीच्या बोलीतील, तिच्या घरात वापरला जाणारा शब्द नातेवाइकांकडून समजून घेणे आणि तो तिच्या नोंदवहीत लिहून ठेवणे उपयुक्त ठरते.

## भारतातील स्थिती

भारतातील वृद्धांच्या राष्ट्रीय पाहणीशी संलग्न अभ्यासावरून, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. त्यांपैकी बहुसंख्य व्यक्तींची शुश्रूषा घरीच, मुख्यतः पत्नी, सून वा मुलगी यांच्याकडून होते. शहरांत ब्यूरोमार्फत येणारे मदतनीस ही जबाबदारी अंशतः उचलतात. पारंपरिक वृद्धाश्रमांचा भर स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकणाऱ्या वृद्धांवर राहिला आहे; स्मृतिभ्रंशग्रस्तांसाठीची स्वतंत्र निवासी केंद्रे तुलनेने अलीकडची असून ती मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. अल्झायमर आणि संबंधित विकारांसाठी कार्य करणारी भारतीय संस्था केरळात १९९२ साली स्थापन झाली.

वेदनाशामनाच्या दृष्टीने १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा महत्त्वाचा आहे. त्यातील कठोर तरतुदींमुळे वैद्यकीय उपयोगासाठीही मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ साली झालेल्या दुरुस्तीने अत्यावश्यक अमली औषधांची परवाना-पद्धत सुलभ करण्यात आली. केरळ राज्याने २००८ साली उपशामक शुश्रूषेचे धोरण स्वीकारले, तर राष्ट्रीय पातळीवरील उपशामक शुश्रूषा कार्यक्रम २०१२ साली आखला गेला. कर्करोगग्रस्तांच्या तुलनेत स्मृतिभ्रंशग्रस्तांपर्यंत या सेवेचा लाभ पोहोचवणे हे पुढील आव्हान मानले जाते.

निरीक्षण-मापके वापरण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. एक कागद, काही मिनिटे आणि प्रशिक्षित नजर पुरेशी असते. संस्थांतून ‘मावशी’ आणि ‘मामा’ म्हणून ओळखले जाणारे मदतनीस रुग्णाला रोज उठवतात, न्हाऊ घालतात व भरवतात. हालचालीच्या वेळची प्रतिक्रिया सर्वप्रथम त्यांनाच दिसते. त्यांचे निरीक्षण डॉक्टरांपर्यंत पोहोचवणारी साधी नोंदपद्धत ही भारतीय परिस्थितीत सहजसाध्य सुधारणा ठरू शकते. घरी शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांनाही तीच चिन्हे आणि तोच क्रम उपयोगी पडतो.

## नैतिक बाजू

कॅनडातील माँट्रियल येथे २०१० साली आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेच्या पुढाकाराने स्वीकारलेल्या जाहीरनाम्यात वेदनेवरील उपचार मिळणे हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे म्हटले आहे. स्मृतिभ्रंशग्रस्त व्यक्ती हा हक्क स्वतः मागू शकत नाही. वेदनेची शक्यता तपासण्याची जबाबदारी त्यामुळे तिच्याभोवतीच्या माणसांवर येते, आणि तक्रार नसणे हा वेदना नसल्याचा पुरावा मानता येत नाही. दुसऱ्या बाजूने, व्यक्तीची संमती घेता येत नसताना दिलेले प्रत्येक औषध तिच्या हिताचेच आहे का, की केवळ संस्थेतील शांततेसाठी आहे, हा प्रश्नही विचारावा लागतो. वेदनाशामक आणि शामक या दोहोंमुळे व्यक्ती शांत झालेली दिसू शकते. पहिल्याने तिचे दुखणे कमी होते, दुसऱ्याने ते सांगण्याची उरलीसुरली शक्तीही कमी होते.

## हेही पहा

* स्मृतिभ्रंश
* अल्झायमरचा आजार
* वेदना
* उपशामक शुश्रूषा
* वृद्धाश्रम